साडेदहा किलोची बंदूक आणि खांद्यावरचा माणूस

नमस्कार मंडळी. मागपर्यंत येतोय ना आवाज? बरं. विषय तुम्ही पत्रिकेत वाचला असेलच, युद्धातल्या सुटकेचे सिनेमे आणि त्यांच्यातल्या बंदुका. म्हणजे ते सिनेमे हो, शत्रूच्या ताब्यात आपली माणसं अडकलीयत आणि कोणीतरी एकटा किंवा चार-पाच जण आत घुसून त्यांना काढून आणतात. माझा मुद्दा एकच आहे, या सिनेमांत बंदुकीला वजन पाहिजे. अगदी तराजूवरचं वजन, किलोमधलं. का पाहिजे ते शेवटी सांगतो, आधी थोडी तयारी करून घेऊ.

समोर टेबलावर दोन वस्तू ठेवल्यात. एक रबराची, साच्यातून काढलेली, आणि दुसरी मी स्वतः बनवलेली, लाकडाची, आत लोखंडाच्या कांबी घालून मोजून साडेदहा किलो केलेली. दोन्ही दिसायला एम-60 मशीनगन. अमेरिकन सैन्याची व्हिएतनाममधली ठरलेली मशीनगन ती, सैनिक तिला प्रेमाने आणि वैतागाने 'डुक्कर' म्हणायचे. रिकामी असताना साडेदहा किलो, वर 100 गोळ्यांचा पट्टा लावला की आणखी तीनेक किलो. आणि मिनिटाला साधारण 550 गोळ्या सुटतात, म्हणजे तो तीन किलोचा पट्टा सलग चाप दाबून ठेवला तर अकरा सेकंदांत संपतो. अकरा सेकंद! 1985 चा 'रॅम्बो'चा दुसरा भाग सगळ्यांनी पाहिलाय असं धरून चालतो, त्यात शेवटी हीच बंदूक कमरेवर धरून तो कंट्रोल रूममधली यंत्रं फोडत सुटतो. पुढच्या वेळी बघाल तेव्हा एक, दोन, तीन असं मोजत बघा, मी प्रत्येक वेळी मोजतो.

आता एक प्रसंग सांगतो. ज्यांनी माझ्याकडून आधी ऐकलाय त्यांनी परत ऐकावा, कारण माझं सगळं म्हणणं त्यातूनच आलंय. तरुण असताना मी एका युद्धपटाच्या प्रॉपर्टी विभागात, म्हणजे सेटवर लागणाऱ्या वस्तू पुरवणाऱ्या विभागात, मदतनीस होतो. रात्रीचं शूटिंग, चिखल, आणि नायकाने मशीनगन घेऊन झाडीतून पळत यायचं. तालमीला रबराची बंदूक दिलेली, ते बरोबरच आहे, पळताना पडला तर दात तरी वाचतात, लांबच्या गर्दीतल्या लोकांना आणि स्टंटवाल्यांना नेहमी रबराचीच देतात. पण टेकलाही तीच राहिली आणि गडी असा पळत आला की हातात मिटलेली छत्री आहे. टोक वर-खाली उडतंय, एक हात मोकळा, वळताना बंदूक शरीराच्या आधी वळतेय. जड वस्तू असं वागत नाही हो! जड वस्तू आधी तुम्हाला ओढते, तुम्ही मागनं वळता, थांबायचं म्हटलं तरी ती दोन पावलं पुढे नेते. मी काही बोलायच्या लायकीचा नव्हतो तिथे, पण राहवलं नाही, मी विचारलं की वजन बांधू का. सेटवरचे वरिष्ठ हो म्हणाले. मग एका लाकडी मॉडेलला लोखंडी पट्ट्या आवळून बांधल्या, वर काळी टेप, आणि दिली त्याच्या हातात.

पहिल्या टेकला तो चिडला. दुसऱ्याला त्याचे खांदे उतरले. तिसऱ्या टेकला, मंडळी, माणूसच बदलला. तोंड उघडं, श्वास वाजतोय, झाडाला टेकला तेव्हा बंदूक आधी टेकवली आणि मग स्वतः, आणि हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. कॅमेऱ्यामागे सगळे गप्प. तोच टेक सिनेमात गेला. आणि नंतर मी थिएटरमध्ये बघतो तर ध्वनीवाल्यांनी त्या श्वासाच्या जागी 'खटॅक' घातलेलं. बंदूक उचलली खटॅक, रोखली खटॅक, खाली घेतली तरी खटॅक. भरलेली बंदूक नुसती उचलल्यावर असा आवाज करत नाही, करायला लागली तर सैनिक आधी तीच दुरुस्तीला देईल. आणि एकदा भरून झालेल्या बंदुकीला परत परत भरायचा खटका ओढला तर दर वेळी एक चांगलं काडतूस बाहेर पडून वाया जातं. त्या माणसाने तीन टेक करून कमावलेला श्वास ध्वनीवाल्यांनी पुसून टाकला, ते मला आजही लागतं.

बरं, ब्लँकबद्दल बोलायलाच पाहिजे. लोकांना वाटतं सिनेमातली बंदूक खोटी असते. बऱ्याच वेळा ती खरीच असते, फक्त बदललेली. ब्लँक म्हणजे काडतुसात दारू आहे, पुढे गोळी नाही. आता गंमत अशी की एम-60, एके, एम-16 या सगळ्या बंदुका स्वतःच्या वायूवर चालतात. गोळी नळीतून पुढे जात असते तोवर तिच्या मागे दाब राहतो, त्यातला थोडा वायू एका भोकातून वळून यंत्रणा मागे ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढचं काडतूस आत येतं. गोळीच नसेल तर वायू सरळ तोंडातून निघून जातो, दाब टिकत नाही, एक बार होतो आणि बंदूक गप्प बसते. म्हणून आर्मरर, म्हणजे सेटवरच्या बंदुका सांभाळणारा माणूस, नळीत बारीक भोकाचं बूच बसवतो. बूच दिसू नये म्हणून ते आत लपवतात, सैन्याच्या सरावात मात्र तेच मुद्दाम भडक रंगाचं बाहेर लावतात, सगळ्यांना दिसावं म्हणून.

पण गोळी नाही म्हटल्यावर धक्काही जवळजवळ नाही. तो नटाने अभिनयाने आणायचा, आणि इथे निम्मे लोक दळण दळल्यासारखे हात हलवतात. शिवाय बंदुकीच्या तोंडाशी उडणारा जाळ. तो काही मिलिसेकंदच टिकतो आणि फिल्म कॅमेरा सेकंदाला 24 चित्रं घेतो, त्यातही साधारण निम्मा वेळ शटर बंद. म्हणजे बंदूक उडतेय आणि पडद्यावर जाळच नाही असं होतं. म्हणून सिनेमाच्या ब्लँकमध्ये मोठा जाळ देणारी दारू भरतात, आणि तो नटाच्या चेहऱ्यावर, पानांवर, धुरावर उजेड टाकतो. आता कॉम्प्युटरवर जाळ काढतात, पण उजेड टाकायला विसरतात, मग बंदूक पेटलेली आणि चेहरा अंधारात.

तरीही कॉम्प्युटरचा जाळ वापरू नका असं मी कधीच म्हणणार नाही, ते का ते नीट सांगतो. 1984 मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन नटाने सेटवर ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला. ब्लँकने काय होतंय, असं वाटलं असणार. ब्लँकच्या नुसत्या झोताने कवटी फुटली, तो गेला. 1993 मध्ये नट ब्रँडन ली सेटवर गेला. तिथे क्लोज-अपसाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून डमी, म्हणजे नुसती दाखवायची न उडणारी काडतुसं, बनवलेली, पण बुडाचा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टिकली, तशीच जिवंत. त्या एवढ्याशा ताकदीने गोळी नळीत सरकून अडकली, कोणी नळी तपासली नाही, पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरलं आणि अडकलेली गोळी खऱ्यासारखी सुटली. आणि 21 ऑक्टोबर 2021, न्यू मेक्सिको, सिनेमाच्या सेटवर छायाचित्रकार हलायना हचिन्स गोळी लागून गेली. डमींमध्ये जिवंत काडतूस मिसळलेलं होतं. डमी ओळखायची सोपी रीत आहे हो, आत छर्रा टाकलेला असतो, कानाशी धरून हलवलं की खुळखुळतो, किंवा बाजूला भोक पाडलेलं असतं. प्रत्येक काडतूस हलवायचं, सगळ्यांसमोर, नटाला दाखवून. मिनिटभराचं काम. बंदुकीच्या वजनावर मी इतका वेळ बोलतोय, पण ही मिनिटभराची खुळखुळ त्याच्याआधी येते.

हेलिकॉप्टरचं राहिलं. त्याच 1985 च्या सिनेमातलं रशियन हेलिकॉप्टर हे खरं तर फ्रेंच प्यूमा आहे, वरून मि-24 सारखं सजवलेलं. शीतयुद्धात खरं कोण देणार! 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मधला जर्मन टायगर रणगाडाही तसाच रशियन टी-34 वर बांधलेला. या कारागिरीवर मी तासभर बोलू शकतो पण...

हो, चिठ्ठी आलीये. सात मिनिटं. मग मुद्द्यावरच येतो, धावत सांगतो, सांभाळून घ्या.

मुद्दा असा. बाकीच्या युद्धपटात बंदूक शेवटपर्यंत हातात राहिली तरी चालतं. सुटकेच्या सिनेमात नाही चालत, कारण ज्याला सोडवायला गेलात तो बहुतेक चालू शकत नसतो. उपाशी आहे, पाय मोडलाय, महिनोन्‌महिने पिंजऱ्यात आहे. त्याला उचलायला दोन हात लागतात आणि दोन्ही हातात बंदूक आहे. आता हीच खरी कथा आहे ना? बंदूक टाकायची का? कोणाकडे द्यायची? एका हाताने ओढत न्यायची का? बंदूक रबराची असेल तर हा प्रश्नच पडत नाही, नायक एका हातात तेरा-चौदा किलो आणि खांद्यावर साठ किलो घेऊन पळतो आणि आपण टाळ्या वाजवतो, आणि खांद्यावरचा माणूस पोतं होऊन जातो. त्याच 'रॅम्बो'मध्ये नायक हेलिकॉप्टरच्या आतून रॉकेट लाँचर उडवतो. ते सुटताना मागच्या बाजूने धगधगता वायूचा झोत मारतं, त्याच्या मागे उभं राहायचं नाही हे सैनिकाला पहिल्या दिवशी शिकवतात. आणि मागे कोण बसलंय? सोडवलेले कैदी! लिहिणारा त्यांना विसरला म्हणून असं झालं.

खरी मोहीम बघा. सोन ताय, 21 नोव्हेंबर 1970, उत्तर व्हिएतनाममध्ये हनोईच्या पश्चिमेला, तिथल्या छावणीतले अमेरिकन युद्धकैदी सोडवायला. 56 अमेरिकन कमांडो गेले. मशीनगन किती? चार. बहुतेकांकडे कार-15 ही आखूड रायफल, हलकी, गळ्यात अडकवून हात मोकळे ठेवता येणारी. आणि सोबत काय नेलं तर तार कापायच्या कात्र्या, साखळ्या तोडायची अवजारं, कुऱ्हाडी, यांत्रिक करवती. म्हणजे सगळा विचार दार उघडून माणूस उचलायचा. अर्ध्या तासाच्या आत काम उरकलं, पण कैद्यांना आधीच दुसरीकडे हलवलेलं होतं, छावणी रिकामी निघाली. रिकामे हात घेऊन परत आले. मला सांगा, जे हात माणूस उचलायला मोकळे ठेवले होते ते रिकामेच परत येतात, याच्यापुढे अकरा सेकंदांचा गोळीबार काय दाखवणार कोणी?

अजून एम-1 गरँड या अमेरिकन रायफलबद्दल, आठ गोळ्या संपल्यावर क्लिप टणकन उडते तिचा नाट्यासाठी किती छान उपयोग होतो ते सांगायचं होतं, ते राहिलं. आयोजक उभे राहिलेत. ज्यांना उचलून बघायचंय त्यांनी इकडे या, आधी रबराची उचला, मग लाकडाची, पाठीतून नको, गुडघे वाकवून. आणि जोडीने आला असाल तर एकाने बंदूक धरायची आणि ती खाली न ठेवता दुसऱ्याला जमिनीवरून उठवून बघायचं.