पस्तीस ग्रॅममधलं चिमूटभर

मंडळी, मी मूळचा उरणकडचा. पहिली समुद्री टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, मांडली तेव्हा त्याचं पाणी बनवायच्या मिठाची बादली कुरिअरने घरी आली. आईने बिल पाहिलं आणि म्हणाली, "अरे, मिठागराच्या गावचा तू, आणि मीठ विकत आणतोस? तेही या भावाने?" तेव्हा मी काहीतरी पुटपुटलो. आज नीट उत्तर देतो.

मिठागरात काय होतं ते आठवा. भरतीचं पाणी वाफ्यात घेतात, ऊन त्याला आटवतं. पण पाण्यातले क्षार सगळे एकदम खाली बसत नाहीत. आधी बसतो चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मग जिप्सम. पाणी आटून मूळच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ धरू लागतं. ते ओढून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम असतं, आणि ते सोडून देतात. म्हणजे हाती आलं ते बहुतांशी सोडियम क्लोराईड. आमटीला उत्तम. पोवळ्याला मात्र जे हवं असतं, त्यातलं निम्मं वाफ्याच्या तळाशी राहिलं आणि निम्मं खाडीत परत गेलं.

एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराईड 19 ग्रॅमच्या वर, सोडियम पावणेअकरा, सल्फेट 2.7, मॅग्नेशियम 1.3, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी 0.4. आणि बायकार्बोनेट? जेमतेम 0.14 ग्रॅम. या चिमूटभर ऐवजाला आपण अल्कलिनिटी म्हणून मोजतो, आणि टँकमधली निम्मी भांडणं त्याच्यावरून होतात.

का, ते सांगतो. शिंपला, गुलाबी कोरलाईन शेवाळ किंवा दगडी पोवळं कॅल्शियम कार्बोनेट घडवतं तेव्हा 20 पीपीएम (दहा लाखांत वीस भाग) कॅल्शियममागे 2.8 डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) अल्कलिनिटी खर्च होते. आता हिशेब करा. कॅल्शियम 420 वरून 400 वर आलं, तर पाणी तपासायच्या किटमध्ये फरक धड दिसणारही नाही. त्याच वेळी अल्कलिनिटी 8 वरून 5.2 वर आलेली असते. एकाच खर्चाने एकाचा खिसा जेमतेम हलका होतो आणि दुसऱ्याचं दिवाळं निघतं. म्हणून रोज एकच गोष्ट मोजायची असेल तर अल्कलिनिटी मोजा.

मग मीठ कोणतं? "सगळ्यात चांगलं कोणतं" हा प्रश्न मला दर रविवारी फोनवर येतो आणि मला तो चुकीचा वाटतो. रेड सी या एकाच कंपनीचं उदाहरण घ्या. निळ्या बादलीचं पाणी साधारण 8 डीकेएचचं होतं, काळ्या कोरल प्रोचं साधारण 12 चं. लोक 12 बघून खूश होतात, जास्त म्हणजे जोरदार! तुमची टँक 8 वर चालते आणि तुम्ही 12 च्या मिठाने 40 टक्के पाणी बदललंत, तर संध्याकाळपर्यंत टँक 9.6 वर. मग आठवडाभर ती घसरते आणि रविवारी पुन्हा उडी. हा झोपाळा प्राण्यांना सोसत नाही. ज्या आकड्यावर टँक ठेवायची, त्याच आकड्याची बादली घ्या.

आपल्याकडे तर 12 ची गरज आणखीच कमी. दगडी पोवळी आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्या वाटेला जाऊच नका. मशरूम, झोअँथिड, लेदर ही दगडी सांगाडा नसलेली, पोवळ्यासारखी मंडळी अल्कलिनिटी फारशी खात नाहीत. तरी ती हळूहळू उतरते, कारण नायट्रेट साचतं तिथे बॅक्टेरियाही ती खर्च करत असतात. उतरली तर स्वयंपाकघरातला खायचा सोडा चालतो. बेकिंग पावडर नव्हे, सोडा! 200 लिटरला 6 ग्रॅम सोड्याने 1 डीकेएच वाढतं. आरओच्या, म्हणजे क्षार गाळून काढलेल्या, पाण्यात विरघळवून, प्रवाहात, सावकाश ओता. एका दिवसात एवढंच. इतकं करूनही आकडा टिकत नसेल आणि हीटरवर पांढरी पुटं चढत असतील, तर मॅग्नेशियम तपासा. ते 1300 पीपीएमच्या आसपास असलं की चुना भलत्या जागी बसत नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एका मे महिन्यात दहा दिवस गावी गेलो. टँक 200 लिटरची, वर पंखे, रोज तीन लिटर पाणी उडायचं. भाच्याला सांगितलं, "कमी झालं की भर." त्याने इमानेइतबारे भरलं, पण पाणी बदलण्यासाठी कालवून ठेवलेल्या ड्रममधलं! पाणी उडतं, मीठ उडत नाही. तीस लिटरचं एक किलोहून जास्त मीठ टँकमध्ये गेलं. परत आलो तेव्हा खारटपणा किलोमागे 40 ग्रॅमवर, लेदर शेंगेसारखं मिटलेलं. भाच्याचा काय दोष? तेव्हापासून आरओच्या कॅनला निळी चिकटपट्टी आणि खाऱ्याला लाल.

कालवताना पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका. नाहीतर तळाशी दाट द्रावण होतं आणि चुना तिथेच फुटून पाणी दुधाळ होतं. बादली आधी आडवी करून चार वेळा लोळवा, प्रवासात बारीक-जाड कण वेगळे झालेले असतात. आणि पावसाळ्यात झाकण उघडं टाकलंत तर जुलैअखेर आत दगड मिळेल. त्यातली क्लोराईडं हवेतलं पाणी ओढतात. असा दगड फोडून वापरलात तर अल्कलिनिटी कमी भरू शकते, कारण ओलाव्यात चुना आतच जमलेला असतो.

राहिला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा सांगणारं यंत्र. नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य लावून भागत नाही, पस्तीसच्या जवळ तपासायला हवा. त्यासाठी 36.5 ग्रॅम साधं कोरडं मीठ, 963.5 ग्रॅम आरओचं पाणी. या द्रावणातून प्रकाश तितकाच वळतो जितका 35 च्या समुद्राच्या पाण्यातून. तेवढ्यापुरतं आईचं म्हणणं खरं ठरलं. बाटली टेबलावर आहे, आपापले रिफ्रॅक्टोमीटर घेऊन या, एकेक करून लावून देतो.