गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘स्वर आणि मिक्सर’. स्वरांकडे येणारच आहे, पण आधी एका बटणाचं भांडण मिटवू.

आपल्या खान्देशातला कुठलाही सप्ताह घ्या, नाहीतर कानबाईची रात्र घ्या. मागून हाक येते, ‘ऐकू येस नही भो!’ आणि मिक्सरवर बसलेल्या भाच्याचा हात सरळ सगळ्यात वरच्या बटणावर जातो. (मिक्सर कायम कुणाच्या तरी भाच्याकडेच असतो. हसताय, म्हणजे इथेही दोन-तीन भाचे आहेत.)

ते वरचं बटण गेनचं. माइकमधून येणारा सिग्नल असतो काही मिलिव्होल्टांचा. तो मिक्सरच्या कामाजोगा मोठा करायचा, एवढंच गेनचं काम. लोकांना किती ऐकू जावं ते खालचा फेडर, म्हणजे वरखाली सरकणारी दांडी, ठरवतो. गेन जास्त झाला की सिग्नलचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. मग फेडर कितीही खाली ओढा, फाटलेलं फाटलेलंच राहतं, नुसतं हळू ऐकू येतं. बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, भरीत ठेचतानाच मिरची जास्त पडली, तर ताटात कमी वाढून ते फिकं होतं का? आणि गेन अगदी कमी ठेवून फेडर आणि मास्टर (सगळ्यांचा मिळून एक फेडर) टोकाला नेले, तर मिक्सरची स्वतःची सूंसूं त्यांच्याबरोबर वाढते.

तेव्हा क्रम असा. फेडर खाली, गेन पूर्ण बंद. साधा डायनॅमिक माइक असेल तर ४८ व्होल्टचं फॅन्टम, म्हणजे मिक्सरमधून माइकला जाणारी वीज, लागत नाही, कंडेन्सर जातीच्या माइकला लागतं. बुवांना ‘हॅलो, माइक चेक’ म्हणायला लावू नका, अभंगातली सगळ्यात चढी ओळ गायला सांगा. त्या चॅनेलचं पीएफएल (फेडरच्या आधीचा सिग्नल तपासायचं बटण) दाबा आणि मीटर शून्याच्या आसपास, जोरात गाताना फार तर अधिक सहापर्यंत जाईल इतकाच गेन उघडा. लाल दिवा लागला की मागे या. मग फेडर शून्याच्या खुणेवर आणा. तिथे बोटभर हलवलं तर आवाज थोडाच बदलतो. तळाशी तेवढ्याच हालचालीत धाडकन बदलतो.

आता स्पीकरमधून घुमणारी शिट्टी. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये, असं हे रहाट चालतं. कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त ऐकणाऱ्या, माइकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर (गायकाला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर) माइकच्या बरोबर पाठीमागे, गायकाकडे तोंड करून ठेवा. माइकची जाळी मुठीत धरली की मागच्या फटी झाकल्या जातात आणि तो चारी बाजूंचं ऐकू लागतो. टीव्हीवरचे गायक धरतात म्हणून आपण धरायचं नाही! तोंड वीस सेंटीमीटरवरून दहावर आणलं तर जवळजवळ ६ डेसिबल फुकट मिळतात. उलट उघडे माइक दोनाचे चार केले की शिट्टी लागण्याआधी आवाज वाढवायला उरलेली जागा ३ डेसिबलने घटते. टाळकऱ्यांना वेगळा माइक कशाला? टाळ सगळ्यांच्याच माइकमध्ये शिरतात.

चिठ्ठी आली आहे, पावणेदहा वाजले. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, तेव्हा स्वर आता धावतपळत.

सप्तक एक चढलं की कंपनसंख्या दुप्पट. पेटीवर मधली पांढरी सहा ४४० हर्ट्झ, तार सप्तकातली ८८०. बुवांचा सा खालच्या काळी एकचा, म्हणजे साधारण १३९. त्यांचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, १०४. म्हणून लो कट (ठरावीक कंपनसंख्येखालचा आवाज छाटणारं बटण) ८०ला लावला तर गळ्याला धक्का लागत नाही, स्टेजची धपधप तेवढी जाते. ताईंचा सा काळी चारचा, २०८; त्यांना १२०पर्यंत चालतं. म्हणजे इक्वलायझरला (आवाजातले जाड-बारीक भाग वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या बटणांना) हात लावण्याआधी गायकाची पट्टी विचारायची. शिट्टी कुठली हे कळत नसेल तर तिचा सूर पेटीवर शोधा आणि इक्वलायझरवर त्याच कंपनसंख्येचा भाग ३-४ डेसिबल कमी करा.

इको लयीत हवा: मिनिटाला १२० मात्रा असतील तर ५०० मिलिसेकंद. निरूपण सुरू झालं की इको बंद, नाहीतर बुवा विहिरीतून बोलल्यासारखे वाटतात.

ए भाच्या, बंद करताना आधी ॲम्प्लिफायर, मग मिक्सर. उलट केलंस तर तो धप्प आवाज सरळ स्पीकरच्या कॉइलला बसेल.