विळीची धार

नमस्कार श्रोतेहो. माझ्या दादरच्या चित्रकलेच्या वर्गात नवा माणूस आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "सर, माझा हात वळत नाही." मग मी विळीची गोष्ट सांगतो.

जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडून मला दोनच वर्षं झाली होती. एका दिवाळी अंकात कथाचित्र दिलं होतं: स्वयंपाकघर, खाली बसून वांगी चिरणारी बाई. एका बैठकीत शाईने काढलेलं. अंक छापून आला तसा गिरगावातल्या आमच्या खोलीत आईच्या हातात नेऊन दिला. तिने बराच वेळ चित्र पाहिलं आणि विचारलं, "ही वांगं चिरणार कशी रे? धार पलीकडे आहे."

श्रोतेहो, धार पलीकडे! ज्या विळीवर जन्मभर माझ्यासाठी भाजी चिरली गेली, तिची धार कुठल्या बाजूला असते ते मी कधी पाहिलंच नव्हतं. आई रागावली नाही. तिने विळी मांडली, पाटावर पाय दिला, वांगं हातात घेतलं. "बस समोर. बघ." पातं जागचं हलत नाही, वांगंच पुढे सरकतं. मी काढत गेलो. सात-आठ चित्रं फसली. मग तिचा गुडघा आणि पातं यांच्यामधली रिकामी जागा दिसली, कोयरीसारखी. ती आधी काढली आणि विळी कागदावर उभी राहिली. त्या रात्री जेवायला वांग्याच्या काचऱ्याच काचऱ्या होत्या.

तेव्हा पुन्हा सांगतो, आधी रिकामी जागा काढा. कपाचा कान जमत नाही? कानातलं भोक काढा. पेन्सिल घरात असेल ती चालेल. खोडरबर मात्र नको. चुकलेली रेघ राहू द्या, तिच्या शेजारीच बरोबर रेघ सापडते.

आणि पालकांनो, दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी हा देखावा परळच्या मुलाला कशाला शिकवता? त्याच्या गॅलरीतून काय दिसतं ते काढू द्या. व्हीटीला उतरलात तर मुलांना मान वर करायला सांगा. तिथली दगडातली पानं-पक्षी १८८० च्या दशकात जे.जे.च्याच विद्यार्थ्यांनी घडवली. आपण रोज त्यांच्याखालून धावतो, मोबाइलमध्ये बघत.

पुढच्या शनिवारी वर्गात सांडशी आहे. तुम्हीही घरातली घ्या, उघडून टेबलावर ठेवा. दोन दांड्यांमधली जागा आधी. नमस्कार.