धरणाचे पाणी आणि हत्तींचे रान : श्रीलंकेतील अभयारण्यांविषयी

मंडळी, श्रीलंकेतील जंगलसफारी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आग्नेय किनाऱ्यावरचे याला राष्ट्रीय उद्यान आणि तिथला बिबट्या उभा राहतो. ते स्वाभाविकही आहे. वाघ आणि सिंह नसलेल्या या बेटावर बिबट्या हाच सर्वांत मोठा शिकारी असल्यामुळे तो उघड्या कातळावर भरदिवसा निवांत पहुडलेला दिसू शकतो, आणि तो दिसल्याची बातमी पसरताच एकामागोमाग एक जीप तिथे धडकतात. त्या गर्दीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज बोलायचे आहे ते हत्तींविषयी, आणि त्याहूनही अधिक पाण्याविषयी. कारण तिथले हत्ती कुठे आणि केव्हा दिसतील, हे बऱ्याच अंशी माणसाने अडवलेले पाणी ठरवते.

या बेटाच्या नैऋत्य भागात भरपूर पाऊस पडतो. उत्तर, पूर्व आणि आग्नेय भागांची भिस्त मात्र मुख्यतः वर्षअखेरीस येणाऱ्या ईशान्य मोसमी पावसावर असते, आणि उन्हाळ्यापासून पुढचे कित्येक महिने तिथली जमीन कोरडी पडते. या कोरड्या प्रदेशात अनुराधपूर आणि पोलोन्नरुवा येथील राजांनी शतकानुशतके तलाव बांधले. त्यांपैकी मिन्नेरिया हा तिसऱ्या शतकातील महासेन राजाचा. आज त्याच्या भोवताली राष्ट्रीय उद्यान आहे, आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात तिथे जमणारे हत्तींचे कळप पाहायला जगभरातून लोक येतात.

हे हत्ती केवळ तहान भागवायला येतात, असा समज आहे. तो अपुरा आहे. पाणी तर इतरत्रही असते. आजूबाजूचे गवत वाळून गेलेले असताना तलावाचे पाणी मात्र शेतीसाठी सोडले जाऊन ओसरू लागते, आणि उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर कोवळे गवत उगवते. आपल्याकडे धरणाच्या गाळपेर जमिनीवर शेतकरी पीक घेतात. तिथे त्याच जमिनीवर हत्ती चरतात. दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागणाऱ्या प्राण्याला, त्यातही लेकुरवाळ्या माद्यांना, वर्षातल्या सर्वांत कठीण दिवसांत हे कुरण आधार देते. जवळच्या कौडुल्ला तलावाचेही असेच आहे, आणि हत्ती या दोन्ही ठिकाणांत ये-जा करीत राहतात.

आता अडचण पाहा. मोरगहकंद हे मोठे धरण 2018 मध्ये पूर्ण झाल्यावर वरून येणारे पाणी वाढले, ऐन कोरड्या ऋतूतही मिन्नेरियाची पातळी चढी राहू लागली आणि कुरण पाण्याखाली जाऊ लागले. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने भरलेला तलाव हे यश आहे, शेतकऱ्यालाही तो हवाच आहे. वन्यजीव खात्याच्या दृष्टीने मात्र तोच तलाव त्या महिन्यांत रिता होत गेला पाहिजे. उद्यानाची हद्द कितीही काटेकोर आखली तरी पाणी केव्हा सोडायचे हा निर्णय उद्यानाच्या हाती नसतो, आणि माझ्या मते या बेटावरच्या संवर्धनाचा खरा पेच इथेच आहे.

हद्दीचा प्रश्न आणखी एका अंगाने पाहावा लागेल. 2011 च्या गणनेत तिथे 5,879 हत्ती नोंदले गेले. ते बेटाच्या सुमारे 60 टक्के भूभागावर वावरतात, आणि त्या भूभागाच्या जवळजवळ 70 टक्के भागात माणसांचीही वस्ती आहे. म्हणजे हत्ती उद्यानात राहतात आणि अधूनमधून बाहेर पडतात, हे चित्रच चुकीचे आहे. तरीही अनेक वर्षे हत्तींना हाकून उद्यानांत कोंडण्याचे आणि भोवती विजेचे कुंपण घालण्याचे धोरण राबवले गेले. कोंडलेले काही कळप चाऱ्यावाचून खंगले. काही कुंपणे तर वन्यजीव खाते आणि वन खाते यांच्या जमिनींच्या सीमेवर उभी राहिली, म्हणजे हत्ती दोन्ही बाजूंना होतेच! 2019 या एकाच वर्षात चारशेहून अधिक हत्ती आणि शंभराहून अधिक माणसे या संघर्षात मेली.

सगळीच अरण्ये अशी तलावांवर अवलंबून नाहीत, हेही सांगितले पाहिजे. वायव्येकडील विल्पट्टूमध्ये पावसाने भरणारी नैसर्गिक तळी आहेत. नैऋत्येचे सिंहराजा तर दाट वर्षावन. तिथे जीप नव्हे, वाटाड्याबरोबर पायी हिंडावे लागते. सत्तरच्या दशकात प्लायवूडसाठी तिथे तोड सुरू झाली होती, ती लोकांच्या विरोधामुळे 1977 मध्ये थांबली. आपला सह्याद्री आणि हे रान जैवविविधतेच्या नकाशावर एकाच प्रदेशात गणले जातात, म्हणून आपल्याकडच्या अभ्यासकांनी तिथे अवश्य जावे.

पुन्हा हत्तींकडे येतो. अलीकडे काही गावांनी उलटा मार्ग धरला आहे : कुंपण जंगलाभोवती न घालता गावाभोवती आणि उभ्या भातशेतीभोवती घालायचे. शेतीभोवतीचे कुंपण कापणी झाली की काढले जाते, मग हत्ती त्या रानात शिरून उरलेली धाटे खातात आणि पुढच्या पेरणीपूर्वी कुंपण पुन्हा उभे राहते. त्याची देखभाल शेतकरीच करतात, कारण पीक त्यांचे असते. सफारीच्या तिकिटांतून मिळणाऱ्या पैशाचा काही वाटा या कुंपणांकडे वळवणे मला तरी नव्या विश्रामगृहांपेक्षा अधिक निकडीचे वाटते.