काम कट्ट्यावर न्या

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित)

अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे मान्यवर, आणि पंखा कुठल्या रांगेवर आहे ते बघून जागा धरलेली समोरची मंडळी, नमस्कार.

आयोजकांनी विषय दिला ‘निसर्ग आणि आपण’. हा विषय निघाला की आपली बेळगावची माणसं थेट कणकुंबीला पोचतात. मलप्रभेचा उगम, भीमगडचं जंगल, बसमध्ये अंताक्षरी, येताना जांबोटीला चहा. वर्षातून एक सहल झाली की निसर्गाचा हप्ता भरला. आज सहलीबद्दल बोलायचं नाही. उरलेल्या ३६४ दिवसांचं काय, ते बोलायचं आहे. त्याला निमित्त मघाशी चहाच्या टेबलापाशी कानावर पडलेलं एक वाक्य. एक आई पोराला म्हणाली, “फोन ठेव आणि जा बघू, बाहेर खेळ जा.” पोरगं सात-आठ वर्षांचं. उद्धटपणा नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून त्यानं विचारलं, “खरं बाहेर जाऊन करू काय मी?”

आईला उत्तर सुचलं नाही. शेजारच्या पाच-सहा मोठ्यांनाही सुचलं नाही. सगळे हसले आणि चहा संपवला.

पोराचं काय चुकलं? बाहेर आपण ठेवलंय काय? सीमेच्या एकेका इंचासाठी १९५६ पासून भांडणारे आपण, घरापुढचं अंगण मात्र एका दुपारीत फरशीखाली घातलं. उरलेल्या जागेत कार लावली. शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांतले कट्टे गाडी वळायला अडचण म्हणून फोडले. आता भाजी आणायला स्कूटर, चालायला व्हॅक्सिन डेपोचं मैदान, आणि व्हॅक्सिन डेपोला जायलाही स्कूटर. तिथं दोन राउंड, त्यातला दीड फोनवर, मग इडली. नवरात्रात दुर्गामाता दौडीला पहाटे अख्खं गाव रस्त्यावर असतं. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर दूधवाला आणि कुत्री.

आपल्या आज्या ‘बाहेर वेळ घालवायला’ कधी गेल्या नाहीत. सांडगे, पापड, निवडण-टिपण, सगळं काम बाहेर होतं, म्हणून त्या बाहेर होत्या. फिरायला जायचा संकल्प पंधरा दिवसांत मोडतो, कारण त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागतो. जे काम आत बसून रोज होतंच, तेच उचलून बाहेर नेलं तर वेळ काढायचा प्रश्न येत नाही.

आणि बाहेर नुसतं बसल्यानं काय होतं म्हणाल, तर ऐका. घरात ट्यूबलाइटखाली उजेड असतो साधारण १०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). बाहेर, सावलीतसुद्धा, काही हजार. उघड्या उन्हात लाखाच्या घरात. डोळा जुळवून घेतो म्हणून आपल्याला हा फरक जाणवत नाही. बाहेर राहिल्यानं मुलांच्या डोळ्यांना काय फरक पडतो ते बघायला चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळा घेतल्या; त्यातल्या निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक तास जादा, तोही बाहेर, दिला. तीन वर्षांनी त्या शाळांत लांबचं न दिसणारी, म्हणजे मायनस नंबर लागलेली मुलं ३०.४ टक्के निघाली. बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. तैवाननं तर २०१० पासूनच मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचं धोरण शाळांना दिलं. यात धावलंच पाहिजे असं नाही. कट्ट्यावर बसून पावट्याच्या शेंगा सोलल्या तरी डोळ्याला उजेड तोच मिळतो. खरं फोन घेऊन बाहेर बसला तर डोळा परत जवळच अडकला.

खिडकीत बसून ऊन घेणाऱ्यांसाठी एक वाईट बातमी. काचेतून ऊब येते, पण ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत. त्यासाठी सावलीकडं बघायचं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. बेळगावात डिसेंबरात ती वेळ साधारण अकरा ते दोन. सकाळी सातचं कोवळं ऊन झोपेचं घड्याळ लावायला उत्तम, हाडांना त्याचा फारसा उपयोग नाही.

आता हे जमवायचं कसं. काम बाहेर न्यायचं दोन ठिकाणी अडतं: बसायला काही नसतं, आणि चार वस्तूंसाठी चार वेळा आत-बाहेर होतं. म्हणून दाराच्या आतल्या बाजूला एक बुट्टी कायमची ठेवा. तिच्यात विळी किंवा सुरी, एक ताट, सालींसाठी भांडं, पाण्याची बाटली. शेजारी गुंडाळलेली चटई आणि एक बुटकं स्टूल, कारण साठीनंतर खाली बसणं जमतं, उठणं जमत नाही. भाजी निवडणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या, मुलांचं पाठांतर, एवढी चार कामं बाहेर गेली तरी दिवसाला तास-सव्वा तास होतो. घर पूर्वेला तोंड करून असेल तर दुपारनंतर पुढचा कट्टा घराच्याच सावलीत येतो. ज्यांना फक्त टेरेस आहे त्यांनी पाण्याच्या टाकीची सावली बघावी. सकाळी ती पश्चिमेला, चारनंतर पूर्वेला.

एप्रिल-मेमध्ये टेरेसवर शेडनेट लागतंच. माणसांनी बसायला ७५ टक्के सावलीचं घ्या. ५० टक्क्यांचं रोपांना ठीक. चूक होते बांधताना. लोक ते चारी बाजूंनी ताणून, सपाट आणि थेट जाळीलाच दोरी ओवून बांधतात. पहिल्या वळवाच्या वाऱ्यात ते कोपऱ्यातून फाटतं आणि रात्रभर फडफडतं. कडेला नायलॉनची दोरी धरून जाळीच्या दोन घड्या तिच्यावर घाला आणि शिवून घ्या. गाठी त्या दोरीला मारा. एक बाजू दीड-दोन फूट खाली ठेवा. मे संपायच्या आत काढून, धुऊन, गुंडाळून ठेवा. स्लॅब मात्र संध्याकाळी आठपर्यंत तापलेला राहतो, म्हणून पाचला दोन बादल्या पाणी मारायचं.

पावसाळ्यात आपल्याकडचे आजी-आजोबा तीन महिने आत कोंडले जातात. पाऊस निमित्त, खरी भीती शेवाळाची. उघडीप बघून १० लिटरच्या बादलीत साधारण १०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवा, कट्ट्यावर आणि पायऱ्यांवर ओता, वीस मिनिटं राहू द्या, मग खराट्यानं घासून भरपूर पाण्यानं धुवा. हातात मोजे घाला. त्यात ॲसिड किंवा संडास साफ करायचं कुठलंही औषध मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो. तीन आठवड्यांनी शेवाळ पुन्हा येतं, पुन्हा घासायचं. आणि कुंड्यांखालच्या थाळ्या आठवड्याला एकदा पालथ्या करा. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नाहीतर संध्याकाळी बाहेर बसा म्हणणाऱ्याला, म्हणजे मला, तुम्ही शिव्या द्याल.

परत त्या पोराकडं येतो. त्याच्या प्रश्नाला वर्षात एका आठवड्यापुरतं उत्तर आपल्याकडं असतं: दिवाळीचा किल्ला. तेव्हा कुणी पोरांना बाहेर ढकलत नाही, जेवायला आत ओढावं लागतं. खाली दगड-विटांचा ढीग, वर मातीच्या काल्यात बुडवलेलं पोतं. काला इडलीच्या पिठाएवढा दाट, त्याहून पातळ झाला तर उतारावरून निथळून जातो. हिरवळीसाठी मोहरी टाकली की ती घरंगळून तळाशी जमते आणि बुरूज टकले राहतात. त्यापेक्षा अळीव घ्या. ओलं लागलं की त्याला बुळबुळीत चीक सुटतो आणि उभ्या कड्यालाही बी चिकटून बसतं. आधी भिजवायचं मात्र नाही, त्याचा नुसता गोळा होतो. कोरडं बी ओल्या पोत्यावर चिमटीनं टाकायचं आणि पाणी हातानं शिंपडायचं. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी टाकलं की सणाला किल्ला हिरवा.

यात माती, पाणी, बी, अवजार आणि मोडायची मुभा, एवढंच असतं. आणि आपण स्पर्धा लावून ते बिघडवलं. बक्षिसापायी बाप किल्ला बांधतात, पोरं चुना आणून देतात, काही ठिकाणी प्लास्टरचा तयार बुरूज येतो. परीक्षक म्हणून फिरणाऱ्यांना हे दिसतं आणि तरी आपण नंबर देतो.

दिवाळी झाली की तो ढीग महापालिकेच्या गाडीत टाकू नका. चार फूट बाय चार फूट, विटांची एक ओळ, एवढी माती वर्षभर राहू द्या. अपार्टमेंट असेल तर कंपाउंडच्या कोपऱ्यात. तिथं मेथी टाकली तर चार दिवसांत वर येते, महिन्यात भाजी. धने रगडून दोन फाकी करून टाकायचे, त्यांना आठ-दहा दिवस लागतात आणि तेवढ्यात पोरं चार वेळा उकरून बघतात. बघू द्या. मांजरं त्या मातीत घाण करतात, म्हणून रात्री वर जाळी टाका. मुलांचं पाच, दहा आणि सोळा वर्षांचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेवढं कार्डावर बघून घ्या. मग खरचटलं तर साबणानं धुवायचं आणि परत सोडायचं.

शेवटी एक गोष्ट, जिचं उत्तर आज इथं कुणाकडंच नाही. जवळच्या एका शाळेचं मैदान साडेचारनंतर कुलपात असतं. मंडळानं किल्ली मागितली. त्यांचं म्हणणं, पोरगं पडलं, हात मोडला, तर जबाबदार कोण? म्हणणं चुकीचं नाही. गल्लीत कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांचं लक्ष असायचं, त्यांना कुणी नेमलं नव्हतं. आता आठवड्याचे सहा दिवस, रोज दीड तास, दोन मोठी माणसं लागतील. मेनरोड ओलांडून लहानांना तिथवर आणणार कोण, पावसात काय, हे वेगळंच. कार्यकारिणीत नावं मागितली तेव्हा प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सुचवलं. बाहेर चपलांच्या रॅकपाशी टेबलावर कागद ठेवलाय. पेन दोरीनं बांधलंय, मागच्या वेळी पेन गेलं आणि कागद कोराच परत आला होता.