होस्टिंगचा रिव्ह्यू वाचताना तारीख बघा
(छोट्या व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी गेली अकरा वर्षं छोट्या व्यावसायिकांना वेबसाइट करून देतो. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायला भाड्याची सर्व्हरवरची जागा, कुणाचं घेऊ? आणि विचारणारा बहुतेक वेळा पुढे म्हणतो, रिव्ह्यू सगळे वाचलेत, सगळ्यांनाच साडेचार स्टार आहेत.

पेणला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. वेबसाइट त्यांच्या भाच्याने केली होती, चांगली केली होती. त्याने ‘सर्वोत्तम १० होस्टिंग कंपन्या’ अशी एक यादी वाचली, पहिल्या नंबरची कंपनी घेतली आणि तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरले. आठ महिने काही तक्रार नव्हती. मग गणपतीच्या पंधरा दिवस आधी त्यांच्या शाडूच्या मूर्तींचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, एका संध्याकाळी शेकडो लोकांनी साइट उघडली आणि पडद्यावर आलं: अकाउंट सस्पेंडेड. प्लॅनचं नाव अनलिमिटेड होतं. पण सर्व्हरचा सीपीयू, म्हणजे त्याची काम करण्याची ताकद, किती वापरायचा आणि फाइली किती ठेवायच्या याची मर्यादा अटींच्या पानावर लिहिलेली होती. चॅटवर दर पंधरा मिनिटांनी नवा माणूस यायचा आणि पहिल्यापासून विचारायचा, तुमचं डोमेन (साइटचं नाव) सांगा. साइट सुरू व्हायला तीन दिवस लागले. मूर्तीच्या धंद्यात त्या तीन दिवसांचं मोल काय असतं हे मी सांगायला नको.

मी त्या कंपनीचे रिव्ह्यू वाचायला बसलो. त्यात एक पाच स्टारचा रिव्ह्यू सापडला, ‘अर्ध्या तासात साइट सुरू, सपोर्ट उत्तम’. तो त्या भाच्याचाच होता! खरेदीच्या दुसऱ्या दिवशी चॅट संपताना सपोर्टवाल्याने विनंती केली, आणि त्याने लिहून दिला. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो खरोखर खूश होता.

म्हणून मी म्हणतो, खोटे रिव्ह्यू ओळखणं ही अर्धीच गोष्ट झाली. होस्टिंगचे बरेचसे खरे रिव्ह्यूही पहिल्या आठवड्यात लिहिलेले असतात, आणि पहिल्या आठवड्यात होस्टिंग कळतच नाही. ते तीन वेळा कळतं: साइट बंद पडते तेव्हा, बॅकअप (साइटची राखून ठेवलेली प्रत) परत हवा असतो तेव्हा, आणि रिन्यूअलचं बिल येतं तेव्हा. एका ओळीचा, सपोर्टच्या माणसाचं नाव घेऊन केलेल्या कौतुकाचा रिव्ह्यू दिसला, की तो बहुधा चॅटच्या शेवटी मागून घेतलेला असतो. मी तो सोडून देतो. दोन आणि तीन स्टारचे आधी वाचतो. तिथे माणूस रागाच्या भरात नसतो आणि भारावलेलाही नसतो. काय चाललं, काय नाही, ते तो तपशिलाने सांगतो.

आता त्या ‘सर्वोत्तम १०’ याद्या. बटणावर बोट ठेवून लिंक नीट बघा, तिच्या शेपटीला बहुतेक वेळा एक कोड असतो. तुम्ही त्या लिंकवरून खरेदी केलीत की यादी लिहिणाऱ्याला कमिशन जातं. हे गुपित नाही. कित्येक होस्टिंग कंपन्या आपल्या अ‍ॅफिलिएट पानावर, म्हणजे कमिशनवर ग्राहक आणणाऱ्यांसाठीच्या पानावर, आकडा उघड छापतात: एका विक्रीमागे ५०, ६०, १०० डॉलर. म्हणजे स्वस्तातला प्लॅन घेणारा पहिल्या वर्षी जेवढे पैसे भरतो, त्याहून जास्त रक्कम मध्यस्थाला मिळू शकते. कमिशन घेणारा प्रत्येक जण खोटं लिहितो असं मी म्हणत नाही. पण मुलीसाठी स्थळ आलं की आपण चौकशी मध्यस्थाकडे करत नाही, मुलाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे करतो. इथेही तसंच करायला हवं.

आणि मालक कोण, हेही विचारा. डायरेक्टी ही तुरखिया बंधूंनी १९९८ मध्ये मुंबईत सुरू केलेली कंपनी. बिगरॉक हा तिचा ब्रँड. २०१४ मध्ये तो एन्ड्युरन्स इंटरनॅशनल या अमेरिकन समूहाकडे गेला. ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर आधीच त्या समूहाकडे होते. २०२१ मध्ये हा समूह आणि वेब डॉट कॉम एकत्र येऊन न्यूफोल्ड डिजिटल झालं. यात गैर काही नाही. पण यादीतल्या ज्या दोन नावांची तुम्ही तुलना करताय, त्यांचा मालक एकच असू शकतो. आणि मालक बदलण्याआधीचा रिव्ह्यू हा एका परीने दुसऱ्याच कंपनीचा रिव्ह्यू असतो. म्हणून म्हटलं, तारीख बघा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्याकडे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आलं; विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत असं ते सांगतं. ते आणलं तेव्हा ऐच्छिक होतं. अमेरिकेत खोट्या रिव्ह्यूंविरुद्धचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. दोन्ही चांगलंच झालं. पण भाच्याचा तो खरा रिव्ह्यू यातला कुठलाच नियम अडवत नाही.

मग विश्वासाचं मत मिळवायचं कुठून? तुमच्यासारखाच धंदा असलेल्या पाच-सहा जणांच्या साइट काढा. डोमेनचा नेमसर्व्हर (साइटचा पत्ता सांगणारा सर्व्हर) किंवा आयपी (तिच्या सर्व्हरचा आकडी पत्ता) तपासला की होस्टिंग कुणाचं हे बऱ्याचदा समजतं. साइटवर फोन नंबर असतोच. फोन करा आणि ‘कसं आहे?’ असं विचारू नका, त्यावर ‘बरं आहे’ एवढंच उत्तर येतं. विचारा, पहिल्या वर्षी किती भरले आणि रिन्यूअलला जीएसटी धरून किती? बॅकअप कधी परत घ्यावा लागला का, आणि तो किती दिवसांपूर्वीचा निघाला? रात्री साइट पडली तेव्हा उत्तर किती वेळात आलं? धंदा करणारा माणूस अशा प्रश्नांना मनापासून उत्तरं देतो, त्याने ते भोगलेलं असतं.

बॅकअपचा प्रश्न गाळू नका. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप दुसरीकडे होता ते पुन्हा उभे राहिले. ज्यांचा बॅकअप तिथेच होता, त्यांच्यातल्या कित्येकांचं सगळं गेलं. त्या आठवड्यात तिथल्या ग्राहकांनी जे लिहिलं, ते मला हजार पाच-स्टारांहून मोलाचं वाटतं.

९९.९ टक्के अपटाइम, म्हणजे साइट सुरू राहण्याचा वेळ, हा आकडाही नीट समजून घ्या. उरलेला ०.१ टक्का म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास. ते पहाटे गेले तर चालतील, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी गेले तर नाही. म्हणून आधी महिन्याच्या बोलीवर घ्या, साइट पडली की कळवणारं फुकटचं मॉनिटर लावून ठेवा आणि एखाद्या रविवारी रात्री अकराला सपोर्टला एक खरा प्रश्न विचारून बघा. तीन वर्षांचे पैसे नंतरही भरता येतात.

त्या भाच्याने गेल्या वर्षी आपला जुना रिव्ह्यू उघडला आणि त्याखाली भर घातली: बंद पडल्याची तारीख, तीन दिवसांचा हिशोब, रिन्यूअलच्या बिलाचा आकडा. स्टार तीन केले, कारण सुरुवात खरंच चांगली झाली होती.

आता या सभागृहात ज्यांचं होस्टिंग दोन वर्षांहून जुनं आहे त्यांनी हात वर करा. बरेच आहात की! माईक तुमच्याकडे येतोय. कंपनीचं नाव, पहिलं बिल, दुसरं बिल, आणि साइट शेवटची कधी पडली, एवढं सांगा. बाकीच्यांनी लिहून घ्या.