यंत्रात प्रोसेसर किती?

लिनक्सच्या काळ्या टर्मिनलवर 'प्रॉक' डिरेक्टरीतील 'सीपीयूइन्फो' या फाइलचा आकार शून्य बाइट दिसतो. तीच फाइल उघडली, तर मजकुराच्या ओळी सरसर वर सरकू लागतात. ही फाइल डिस्कवर कुठेच नाही. कोणी वाचायला घेतली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच क्षणी ती तयार करून हाती देतो आणि तीत उत्पादकाचे नाव, मॉडेल, कॅशचा आकार, मेगाहर्ट्‌झमधील वेग, असे सारे येते.

उत्पादकाचे नाव कर्नलला प्रोसेसरच सांगतो. इंटेलच्या १९९३ मधील पेंटियमपासून रूढ झालेली 'सीपीयूआयडी' ही सूचना शून्य हा आकडा देऊन चालवली, की नावाची १२ अक्षरे तीन रजिस्टरांत (प्रोसेसरमधील इवल्या साठवणजागांत), प्रत्येकी ४ अशी, येऊन बसतात. गंमत अशी, की त्यांचा क्रम बी, डी, सी असा आहे. सरळ बी, सी, डी वाचत गेलेल्या नवख्याच्या हाती विस्कटलेले नाव लागते.

आता मोजणी. समोरच्या यंत्रात ४ कोर, म्हणजे प्रत्यक्ष गणना करणारे भाग, आहेत आणि प्रत्येक कोर २ थ्रेड, म्हणजे कामाचे दोन प्रवाह, एकाच वेळी चालवतो, म्हणून कर्नल ८ प्रोसेसर धरतो. त्यांचे क्रमांक ० ते ७ असे असतात. 'सिस' डिरेक्टरीत ३ क्रमांकाच्या प्रोसेसरची 'ऑनलाइन' नावाची छोटी फाइल आहे. तीत आपण ० लिहिला, की तो प्रोसेसर कामातून बाजूला होतो आणि चालू प्रोसेसरांची यादी '०-२,४-७' अशी दिसू लागते. 'सिसकॉन्फ' या फंक्शनला बसवलेले प्रोसेसर विचारले, तर उत्तर ८ येते. चालू किती, असे विचारले, तर ७. (काटेकोरपणे बोलायचे, तर सिसकॉन्फ हा सिस्टिम कॉल नव्हे, ते सी लायब्ररीतील फंक्शन आहे आणि ही माहिती ते कर्नलकडूनच आणते.) एखादा प्रोग्राम 'टास्कसेट' या आज्ञेने पहिल्या दोन प्रोसेसरांना बांधून सुरू केला, तर 'शेड-गेट-अफिनिटी' हा कॉल त्याला २ सांगतो. तिन्ही उत्तरे खरी आहेत.

खरी फसगत कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रामला इतरांपासून वेगळे ठेवणाऱ्या बंदिस्त चौकटीत, होते. ६४ प्रोसेसरांच्या सर्व्हरवर कंटेनरला २ प्रोसेसरांइतका वेळ ठरवून दिला, तर सी-ग्रुपच्या (प्रोग्रामांच्या गटावर मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) 'सीपीयू-मॅक्स' फाइलमध्ये मायक्रोसेकंदांत '२००००० १०००००' असे दोन आकडे दिसतात. म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत मिळून २०० मिलिसेकंदांचे काम. वर सांगितलेल्या एकाही कॉलला या मर्यादेचा पत्ता नसतो. प्रोग्राम ६४ हे उत्तर प्रमाण मानून तितके थ्रेड एकदम पळवतो, सगळा वाटा जेमतेम ३ मिलिसेकंदांत संपवतो आणि उरलेले सुमारे ९७ मिलिसेकंद सगळेच थ्रेड खोळंबतात. यंत्र मोकळे दिसते आणि काम मात्र पुढे सरकत नाही. असा दोष शोधताना माणूस दिवसचे दिवस भलतीकडेच पाहत राहतो. जाव्हाने २०१८ मधील १० व्या आवृत्तीपासून ही मर्यादा स्वतः वाचायला सुरुवात केली. जिथे अशी सोय नाही, तिथे हे काम प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच करावे लागते.

आता आपल्या ८ प्रोसेसरांच्या यंत्राकडे परतून त्या छोट्या 'ऑनलाइन' फाइलमध्ये पुन्हा १ लिहू. 'सीपीयूइन्फो'मध्ये प्रत्येक चालू प्रोसेसरचा एक परिच्छेद असतो; त्यात ३ क्रमांकाचा परिच्छेद परत येतो आणि ते पुन्हा आठ होतात. मधल्या काळात ७ प्रोसेसर मोजून ७ थ्रेड घेऊन बसलेला प्रोग्राम मात्र ७ थ्रेडच चालवत राहतो, कारण त्याने हा प्रश्न सुरू होताना एकदाच विचारला होता.